स्मृती टी-शर्टवर चेहरा काळपट, धूसर किंवा अनोळखी का उमटतो?

फोटो मोबाइलवर स्वच्छ दिसतो, डिझाइनही स्क्रीनवर व्यवस्थित असतं, आणि टी-शर्ट हातात आला की चेहरा ओळखू येत नाही. गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी केलेल्या टी-शर्टांमध्ये ही तक्रार वारंवार येते आणि दोष सहसा छपाईवर ढकलला जातो. बहुतेक वेळा बिघाड त्याआधीच, फोटोच्या फाइलमध्ये झालेला असतो. म्हणून तीच फाइल दुसरीकडे छापून आणली तरी चेहरा तसाच येतो. खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून सुरू होतात आणि खर्चिक, कौशल्याच्या कामापर्यंत जातात. सहसा पहिल्या चार-पाचांतच दोष सापडतो.

लक्षणं

- डोळे आणि ओठांच्या कडा चौकोनी तुकड्यांसारख्या दिसतात, चेहरा धूसर येतो. (तपासणी १, २, ४)
- केस, डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालची सावली मिळून एकच काळा डाग होतो. (तपासणी ५)
- फोटोभोवती पांढरा चौकोन उमटतो, किंवा केसांच्या कडेने पांढरी रेघ दिसते. (तपासणी ६)
- ढग, प्रकाशवलय किंवा मऊ सावलीच्या जागी पांढुरका, खरखरीत पट्टा येतो. (तपासणी ६)
- काळ्या टी-शर्टवर चेहरा निगेटिव्हसारखा दिसतो, किंवा फिकट टी-शर्टवर डोळ्यांच्या जागी भोकं पडल्यासारखी वाटतात. (तपासणी ७)
- चेहरा अगदी स्पष्ट आहे, पण घरचे म्हणतात, "हे ते वाटत नाहीत." (तपासणी ८)
- नावातली जोडाक्षरं तुटलेली आहेत, वेलांटी भलत्या अक्षरावर गेली आहे. (तपासणी ३)
- दोन-तीन धुण्यांत रंग उडतो किंवा छपाईला भेगा पडतात. (तपासणी ९)

१. फाइल कुठून कुठून आली ते विचारा

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मं काम इथेच होतं. फोटो कोणीतरी मेसेजिंग ॲपवरून पाठवलेला असतो, त्याला तो आणखी कोणाकडून आलेला असतो, आणि मधल्या एकाने स्क्रीनशॉट काढलेला असतो. फोटो म्हणून पाठवलेली फाइल सहसा आकसते आणि कॉम्प्रेस होते, म्हणजे तिच्यातला तपशील कमी होतो. हे नुकसान स्क्रीनवर लक्षात येत नाही, कारण मोबाइलवर तो चेहरा जेमतेम दोन बोटं उंच असतो. टी-शर्टवर तोच वीतभर होतो.

ज्याच्या मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात फोटो काढला गेला त्याच्यापर्यंत पोहोचा आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलला जोडून मागवा. तो मोबाइल बंद पडला असेल तर क्लाउड बॅकअपमध्ये मूळ प्रत असू शकते. फोटो स्टुडिओत काढलेला असेल तर स्टुडिओकडे मूळ फाइल किंवा निगेटिव्ह आहे का ते विचारा, आणि छापायची परवानगीही तेव्हाच घ्या. फोटोचा हक्क काढणाऱ्याकडे असू शकतो.

दुःखात असलेल्या घरच्यांकडे पुन्हा पुन्हा फोटो मागणं अवघड वाटतं. तरीही चुकीचा टी-शर्ट त्यांच्या हातात देण्यापेक्षा पहिल्याच दिवशी नीट मागणं बरं. एकच फोटो मागू नका. पाच-सहा मागवा आणि त्यांतून निवडा.

२. फोटोचे नाही, चेहऱ्याचे पिक्सेल मोजा

फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लग्नातल्या सामूहिक फोटोत हवा तो चेहरा जेमतेम ३०० पिक्सेल उंच असतो. तो टी-शर्टवर ५ इंच उंच छापला तर इंचाला ६० पिक्सेल वाट्याला येतात, आणि धूसरपणा तिथूनच येतो.

कोणत्याही एडिटरमध्ये फोटो उघडा, केसांपासून हनुवटीपर्यंत चौकोन आखा आणि त्याची उंची पिक्सेलमध्ये वाचा. ती छापील चेहऱ्याच्या इंचांतल्या उंचीने भागा. उत्तर २०० किंवा जास्त आलं तर फोटो उत्तम आहे. १५० ला काम छान होतं. १०० च्या आसपास असेल तर स्क्रीन प्रिंटिंगच्या (जाळीतून शाई ढकलून केलेल्या छपाईच्या) ठिपक्यांत खपून जातं, कारण कपड्यावर इंचाला ४५ ते ५५ ओळींचे ठिपके पडतात आणि त्यांना साधारण दीडपट ते दुप्पट पिक्सेल पुरतात. शंभरच्या खाली असेल तर चेहरा लहान छापा किंवा फोटो बदला.

इथली नेहमीची चूक म्हणजे एडिटरमध्ये रिझोल्यूशनच्या चौकटीत ७२ खोडून ३०० लिहिणं. त्याने फोटोत तपशील येत नाही. एकतर फक्त आकडा बदलतो, नाहीतर सॉफ्टवेअर असलेलेच पिक्सेल ताणून मधल्या जागा भरतं.

३. कागदावर खऱ्या मापात छापून बघा

साधा पांढरा कागद पुरतो. छपाईच्या सेटिंगमध्ये 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्के मापात छापा, मोठं डिझाइन असेल तर दोन कागद जोडा. कापून टी-शर्टवर टाचण्यांनी लावा, कोणाला तरी घालायला सांगा आणि दोन मीटर लांबून बघा. डिझाइनची वरची कड गळ्याच्या पट्टीपासून ७ ते ८ सेंटिमीटर खाली असावी. त्याहून खाली गेली तर चेहरा पोटावर येतो.

ही तपासणी चुकवू नका, कारण तिच्यातून दोष कुठे आहे ते कळतं. कागदावरही चेहरा धूसर किंवा काळा दिसत असेल तर दोष फाइलमध्ये आहे. कागदावर चांगला आणि कपड्यावर वाईट असेल तर ५, ७ आणि ९ या तपासण्यांकडे वळा.

कागद समोर आहे तोवर मजकूरही तपासा. नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख घरच्या दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या. त्यातल्या एकाला मोठ्याने वाचायला सांगा, कारण मनात वाचताना डोळा चूक सुधारून पुढे जातो. देवनागरीचा एक खास घोटाळा आहे. तुमच्या संगणकावर बरोबर दिसणारं नाव छापखान्यात फॉन्ट नसल्यामुळे बदलतं, किंवा सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन भारतीय लिप्यांसाठी लावलेलं नसेल तर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त पायांनी सुटी पडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडा. फाइल देण्याआधी सगळा मजकूर आउटलाइनमध्ये बदला, म्हणजे तो अक्षरं न राहता आकार होतो आणि कुठेही तसाच उघडतो. बदलण्याआधीची प्रत वेगळी ठेवा, आउटलाइन झाल्यावर तारीख टाइप करून दुरुस्त करता येत नाही. अक्षरांच्या रेघा १ पॉइंटपेक्षा (इंचाच्या बहात्तराव्या भागापेक्षा) बारीक नकोत. गडद रंगातून कोरून काढलेली पांढरी अक्षरं असतील तर २ पॉइंट ठेवा, शाई पसरून ती बुजतात.

४. जुना फोटो पुन्हा नीट स्कॅन करा

एकच छापील फोटो हाती असेल आणि त्याचा मोबाइलने काढलेला फोटो तुम्ही वापरत असाल, तर आधी स्कॅनर गाठा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट मापाचा ३५ बाय ४५ मिलिमीटर फोटो असेल तर १२०० डीपीआय लावा, साधारण १६५० बाय २१२५ पिक्सेल हाती येतात. त्याच्या पुढे जाऊन फायदा क्वचितच होतो, कारण छापील फोटोत तेवढा तपशील नसतोच. स्कॅनरची काच आणि फोटो मऊ कोरड्या ब्रशने झटका. फोटोवर पाणी किंवा काच पुसायचा द्रव लावू नका. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा. पिवळट डाग रंगात वेगळे दिसतात आणि काढायला सोपे जातात.

काही जुने फोटो जाळीदार, खरखरीत कागदावर असतात. त्यांच्या स्कॅनमध्ये सगळ्या चेहऱ्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी येते, कारण स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो आणि प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा. दुसरा स्कॅन एडिटरमध्ये उलट फिरवून पहिल्यावर वेगळा लेयर (थर) म्हणून तंतोतंत जुळवा आणि वरच्या लेयरची अपारदर्शकता ५० टक्के करा. दोन्हींतल्या सावल्या विरुद्ध दिशांना असल्याने एकमेकींना बऱ्याच प्रमाणात खोडतात.

वर्तमानपत्रातून किंवा पत्रिकेतून कापलेल्या फोटोत छपाईचे ठिपके आधीच असतात. त्यावर टी-शर्टच्या छपाईचे ठिपके पडले की लाटांसारखी नक्षी येते. स्कॅनरमधला 'डीस्क्रीन' पर्याय सुरू करून स्कॅन करा, पण अशा फोटोकडून फार अपेक्षा ठेवू नका.

स्कॅनर मिळालाच नाही तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल बरोबर समांतर धरा आणि थोडं लांब जाऊन दुप्पट झूमने काढा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकतात आणि मोबाइलची सावलीही पडते.

५. काळपटपणा: सावल्या उघडा, कातडीचा रंग नाही

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कापड फेकत नाही. शिवाय शाई कापडात पसरते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ५० टक्क्यांचा, म्हणजे अर्धी जागा झाकणारा ठिपका कपड्यावर ७० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे फोटोतला मध्यम करडा रंग गडद होतो, आणि गडद करडा थेट काळा. डोळे खोल असतील, दाढी असेल किंवा फोटो वरून पडलेल्या उन्हात काढलेला असेल तर डोळेच नाहीसे होतात. डोळे गेले की ओळख जाते.

एडिटरमध्ये कर्व्ह्ज (उजळ-गडद छटा बदलणारी वक्ररेषा) घ्या आणि मधला बिंदू थोडा वर उचला. दोन्ही टोकं जागेवर राहू द्या. स्क्रीन प्रिंटिंगसाठी कपाळाच्या सर्वांत उजळ भागात साधारण ५ टक्के शाई असावी आणि डोळ्यांच्या खोबणीत ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. पाचाच्या खालचे ठिपके छपाईच्या जाळीवर टिकत नाहीत आणि कपाळावर पांढरा टक्कल पडल्यासारखा डाग येतो, तर पंच्याऐंशीच्या वरचे एकमेकांत मिसळून सलग काळे होतात. ब्राइटनेसची पट्टी ओढू नका. तिने सगळंच एकसारखं उजळतं, चेहरा फिकट आणि सपाट होतो.

हे काम पूर्ण फोटोवर न करता डोळ्यांभोवती, नाकाच्या बाजूला आणि जबड्याखाली मास्क लावून, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून करा. सावळ्या माणसाचा फोटो 'स्वच्छ' करताना कातडीचा रंगच उजळला जातो, हे फार वेळा होतं आणि ते चूक आहे. घरच्यांनी आयुष्यभर जो रंग पाहिला तो तसाच राहिला पाहिजे. आपल्याला फक्त सावलीत हरवलेला तपशील वर आणायचा आहे.

फाइल डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं), डीटीजी (थेट कापडावर छापणं) किंवा सब्लिमेशनला (उष्णतेने रंग धाग्यात उतरवणं) जाणार असेल तर ती एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीतच ठेवा. छपाईवाल्याने मागितल्याशिवाय सीएमवायके या छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत बदलू नका. यंत्राचं सॉफ्टवेअर रंगांचं रूपांतर स्वतः करतं, आणि आधीच बदललेली फाइल दिली की रंग दोनदा बदलून मळकट होतात.

६. कडा आणि पारदर्शकता

फोटोमागचा पांढरा चौकोन म्हणजे जेपीईजी फाइल. त्या प्रकारात पारदर्शकता नसतेच. पार्श्वभूमी काढून पीएनजीत साठवा, आणि ती पीएनजी पुन्हा मेसेजवरून 'फोटो' म्हणून पाठवू नका. तिथे तिची जेपीईजी होते आणि चौकोन परत येतो.

पार्श्वभूमी आपोआप काढणारी साधनं कानाची पाळी, चष्म्याची दांडी आणि सुटे केस खातात. कापलेल्या फोटोखाली भडक हिरव्या रंगाचा लेयर टाका आणि कडेने २०० टक्के झूम करून फिरा. पांढऱ्या पडद्यावर न दिसणारी जुन्या पार्श्वभूमीची झालर हिरव्यावर लगेच दिसते. मग हिरव्याच्या जागी टी-शर्टचा खरा रंग ठेवून पुन्हा बघा.

गडद कपड्यावर रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर असतो. तो जरा सरकला की केसांच्या कडेने पांढरी रेघ दिसते. उपाय म्हणजे पांढरा थर आतल्या बाजूला २ ते ३ पिक्सेल आकसवणं. हे छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, तिथे सांगा.

स्मृती डिझाइनमध्ये ढग, पंख, किरणं आणि डोक्यामागचं वलय हमखास असतं, आणि डीटीएफमध्ये बिघडतंही हमखास तेच. अर्धपारदर्शक पिक्सेलखाली पांढरी शाई तुटक पडते, तिच्यावर चिकटणारी पावडर असमान बसते, आणि मऊ उजेडाच्या जागी खडबडीत पांढुरका पट्टा तयार होतो. धुतल्यावर तो आधी निघतो. दोन मार्ग आहेत. एकतर कड स्वच्छ कापा: गिम्प या फोटो एडिटरमध्ये 'थ्रेशोल्ड अल्फा' वापरलं की प्रत्येक पिक्सेल पूर्ण असतो किंवा नसतो. नाहीतर विरत जाणाऱ्या भागाचे हाफटोन (लहान-मोठे छपाईचे) ठिपके करा, जे लांबून विरल्यासारखेच दिसतात. मी वलय काढूनच टाकायला सांगेन. चेहऱ्याला त्याने काही मिळत नाही.

७. काळा टी-शर्ट

काळ्या कापडावर एकाच पांढऱ्या शाईने छापायचं असेल तर शाई उजळ भागांत पडायला हवी. स्क्रीन प्रिंटिंगची जाळी जिच्यावरून तयार होते त्या पारदर्शक फिल्मवर जिथे काळं तिथे शाई, हा नियम आहे. म्हणून पांढऱ्या टी-शर्टसाठी केलेली करड्या छटांची फाइल इथे उलटी करावी लागते. तशीच वापरली तर केस पांढरे, कपाळ काळं असा निगेटिव्ह चेहरा येतो.

पूर्ण रंगात छापताना काळे भाग काढून टाकण्याची पद्धत आहे, म्हणजे कापडाचा काळा रंगच केसांचं काम करतो. छपाई मऊ राहते आणि चेहरा कापडातून उगवल्यासारखा दिसतो. पण ही फाइल फक्त काळ्यासाठीच आहे. कोणीतरी तीच पांढऱ्या किंवा राखाडी टी-शर्टला वापरतं आणि बुबुळांच्या जागी कापडाच्या रंगाची भोकं येतात. फाइलच्या नावातच 'फक्त काळा' असं लिहा.

काळे केस काळ्या कापडात मिसळून डोक्याचा आकारच हरवत असेल तर चेहऱ्यामागे फिकट करडा, स्वच्छ कडेचा लंबगोल ठेवा.

८. चेहरा स्पष्ट, पण माणूस वेगळा

ही सगळ्यात दुखावणारी चूक, आणि ती आता वाढली आहे. फोटो आपोआप स्पष्ट करणारी साधनं हरवलेला तपशील परत आणत नाहीत. ती हजारो चेहऱ्यांवरून शिकून तिथे काय असू शकेल ते रंगवतात. तीळ पुसला जातो, दातांमधली फट बुजते, पापणीची घडी बदलते, केसांची रेषा खाली येते, चष्म्याच्या काचेतून दिसणारे डोळे मोठे होतात. अनोळखी माणसाला फोटो सुधारलेला वाटतो. रोज समोर बसून जेवलेल्या माणसाला तो परका वाटतो.

तपासायचं असं: सुधारलेला फोटो मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवा, डोळ्यांच्या कोपऱ्यांवर जुळवा आणि वरचा लेयर चालू-बंद करत राहा. जे हलतं ते बदललेलं आहे. भुवया, नाकपुड्या, ओठांचे कोपरे आणि कानांची टोकं या जागा खास बघा. हरवलेली खूण मूळ फोटोतून मास्कने परत आणा. दुप्पट मोठं करणं सहसा चालतं, चौपट केल्यावर चेहरा बदलू लागतो. 'फेस एन्हान्स' नावाचं बटण बंदच ठेवा. मग फोटो घरच्या जवळच्या माणसाला दाखवा आणि "छान झालाय ना?" असं विचारू नका, "काही वेगळं वाटतंय का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणणं त्यांना जड जातं.

फोटो खरंच लहान असेल तर चेहरा ३ इंचांवर आणा आणि नाव-तारखा मोठ्या घ्या. थोडा धूसर पण खरा चेहरा छापावा, असंच माझं ठाम मत आहे.

९. कापड, उष्णता, धुलाई

सब्लिमेशन फिकट रंगाच्या पॉलिस्टरवरच करायचं. त्यात पांढरी शाई नसते आणि सुती धाग्यात रंग धरत नाही, दोन धुण्यांत चेहरा निघून जातो. साधारण २०० अंश सेल्सिअसला ४५ ते ६० सेकंद पुरतात. जास्त झालं तर पांढरं कापड पिवळट होतं. डीटीएफला साधारण १५० ते १६० अंश आणि १० ते १५ सेकंद लागतात, नेमका आकडा फिल्मच्या पाकिटावर असतो. दाबण्याआधी कापड ३ ते ५ सेकंद गरम करून ओल घालवा. शिवण किंवा बटण गरम प्रेसखाली आलं तर दाब सगळीकडे सारखा बसत नाही आणि चेहऱ्याचा एक कोपरा उचलतो. डिझाइनखाली प्रेसची उशी ठेवून पातळी सारखी करा. स्क्रीन प्रिंटिंगची प्लास्टिसोल शाई (तापवून पक्की होणारी) पूर्ण थरात १६० अंशांच्या आसपास तापावी लागते. कापड हलकं ताणल्यावर भेगा पडल्या तर ती कच्ची राहिली आहे.

सगळे टी-शर्ट छापण्याआधी त्याच कापडाचा, त्याच रंगाचा एक छापा. २४ तास थांबा, उलटा करून गार पाण्यात धुवा, मग बाकीचे.

कधी थांबायचं

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, भिजवू नका. फोटोचा वरचा थर काचेलाच राहतो आणि चेहरा कायमचा जातो. काचेसकट स्कॅन करा, काच तुटलेली असेल तर जुने फोटो जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. बुरशी लागलेल्या फोटोचंही तेच. फाटलेली चीर डोळ्यांवरून किंवा तोंडावरून गेली असेल तर फोटो दुरुस्त करणाऱ्या कलाकाराला द्या आणि सोबत त्याच वयातले दुसरे फोटो द्या, नाहीतर त्यालाही अंदाजच बांधावा लागेल. एकमेव फोटोत चेहरा १५० पिक्सेलहून लहान असेल तर एडिटिंगवर वेळ घालवू नका. रेखाचित्र काढणारा गाठा आणि कच्चं चित्र घरच्यांना दाखवूनच पुढे जा. काळ्या कपड्यावर बऱ्याच रंगांचं स्क्रीन प्रिंटिंग हवं असेल तर रंग वेगळे करण्याचं काम त्यात मुरलेल्या माणसाचं आहे. कागदावर स्वच्छ येणाऱ्या फाइलमध्ये कपड्यावर आडव्या रेघा येत असतील तर बिघाड यंत्रात आहे. फाइलला हात लावू नका, छपाईवाल्याला सांगा.

काम दुसऱ्याला देताना त्याला तुमची सुधारलेली फाइल एकटी देऊ नका. हात न लावलेला मूळ फोटो, डिझाइनचं माप सेंटिमीटरमध्ये, कापडाचा प्रकार आणि रंग, छपाईची पद्धत, आणि खऱ्या मापातला तो कागद, ज्यावर काय बिघडलं ते पेनाने गोल करून दाखवलेलं आहे, एवढं सगळं एकत्र द्या.